मेरुमणी ओलांडणारा बालसिद्ध

"एकाग्रता म्हणजे काय?" महाराजांनी माइक ओठांना टेकवून विचारलं.

"बैलगाडी!" अख्खा हॉल ओरडला.

"आणि बहुचित्त म्हणजे?"

"विमान!"

"मग आता बैलगाडीत कोण बसणार? हात वर करा!"

एकही हात वर झाला नाही. माझा उठू बघत होता, तो मी पदराखाली दाबून ठेवला.

नेरूळमधला आमच्या सेक्टरचा हा हॉल. लग्नकार्यालाही कधी एवढा भरत नाही. माणसं खिडक्यांच्या गजांना धरून उभी होती. धुपाने डोळे चुरचुरत होते. समोर चौरंगावर पार्थ नावाचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा बसला होता. भगवी कफनी, कपाळभर गंध. महाराज त्याला 'बालसिद्ध' म्हणत. त्याच्यापुढे तीन मोठे पडदे होते. एकावर क्रिकेटची मॅच, दुसऱ्यावर बातम्या, तिसऱ्यावर एक बाई मसालेभात करत होती. तिन्हींचे आवाज एकदम. मागे उभा असलेला शिष्य मधूनच घंटा वाजवत होता. पार्थच्या हातात स्मरणी होती, म्हणजे मनगटाएवढी लहान जपमाळ. ओठ हलत होते.

"परमेश्वराला कोटी भक्तांची गाऱ्हाणी एकदम ऐकू येतात," बहुचित्त महाराज सांगत होते. "तो म्हणतो का, थांबा, रांगेत या, टोकन घ्या? तोच गुण तुमच्या लेकरांत झोपलाय. मी फक्त उठवतो!"

पडदे बंद झाले. महाराजांनी विचारलं, "बालसिद्धा, फलंदाज कसा बाद झाला?" पार्थने सांगितलं. बातम्यांत पूर कुठे आला? सांगितलं. भातात जिऱ्यानंतर काय पडलं? तेही सांगितलं. घंटा किती वाजल्या? पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांना मोजायला बसवलं होतं. दोघांचा आकडा जुळला. "आणि एवढ्यात नामजप अखंड!" असं महाराज म्हणाले मात्र, आयाबाया उठून त्या पोराच्या पाया पडायला धावल्या. मीसुद्धा हात जोडले. खोटं कशाला सांगू?

माझ्या शेजारी माझे दीर विलासभावजी, जाऊ प्राची आणि त्यांची मुलगी ईश्वरी बसली होती. आम्ही एकाच इमारतीत राहतो, ते वरच्या मजल्यावर. ईश्वरी सहावीत. काही वाचायला घेतलं की हाक मारली तरी हिला ऐकू येत नाही. एक गणित धरलं की तेच. शाळेतल्या इतर मुली गाणी लावून अभ्यास करतात, मधूनमधून मोबाइलवर गप्पा मारतात आणि तरी मार्क आणतात. हिचा पेपर मात्र अर्धा राहतो. म्हणून प्राचीने तिला इथे आणलं होतं.

महाराज फिरत फिरत आमच्यापाशी आले. ईश्वरीला वर नेलं. पडदे सुरू झाले, घंटा वाजू लागली. पोरगी बावरून इकडे बघे, तिकडे बघे. शेवटी तिला काहीच सांगता येईना. ती रडू लागली. महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि एकदम हात झटकला, चटका बसल्यासारखा.

"एकच दार उघडं आहे," ते माइकवर हळूच म्हणाले. "बाकीच्या दारांत कोणीतरी बसलंय."

प्राचीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचली.

उपाय सांगितला गेला. येत्या अमावास्येपर्यंत बहुश्रवण. जेवताना, अभ्यास करताना, झोपतानासुद्धा कानात मंत्र, पुढे दोन पडदे. आणि अमावास्येला, दिवेलागणीच्या आधी, 'द्वारभेद'. डोळे मोबाइलच्या पडद्यावर, कानात मंत्र, अशा अवस्थेत मुलीने हॉलपासून खाडीवरच्या सारसोळेच्या जेट्टीपर्यंत एकटीने चालत जायचं. कोणी हात धरायचा नाही, कोणी हाक मारायची नाही. "पाय आपोआप वाट शोधतील," महाराज म्हणाले. "जे आत बसलंय, ते रस्त्यातच उतरून जाईल."

सारसोळेच्या जेट्टीला जायचं तर पाम बीच रोड ओलांडावा लागतो. तिथे गाड्या कशा येतात हे नेरूळमध्ये लहान मुलालाही ठाऊक आहे.

---

त्या दिवसापासून वरच्या घरातून सतत आवाज येऊ लागले. टीव्ही, मंत्र, गाणी, सगळं एकात एक. ईश्वरी पहाटे माझ्याकडे यायची. लहानपणापासूनची तिची सवय. मी जपाला बसते तेव्हा शेजारी मांडी घालून गप्प बसायचं. माझा नेम असा की माळ पुरी होईपर्यंत बोलायचं नाही. तीही बोलत नसे. नुसती माझ्या बोटांकडे बघत राही. आता मात्र ती बसल्या जागी दचकू लागली. डोळ्यांखाली काळं आलं. एकदा आमटीत तिने दोनदा मीठ घातलं आणि आपण घातलं की नाही हेच तिला आठवेना.

"काकू," एक दिवस ती पुटपुटली, "माझ्या डोक्यात कोण बसलंय गं? बाई आहे की माणूस?"

मी तिला जवळ घेतलं. खरं सांगायचं तर मीही घाबरले होते. आणि दोन्हीकडून घाबरले होते. महाराजांवर शंका घेतली आणि ते खरेच सिद्ध निघाले तर? माझ्या शंकेचं फळ हिला भोगावं लागलं तर? देवाला मानणाऱ्या बाईचं हे भय वेगळंच असतं. नास्तिकाला ते कळायचं नाही.

मग ते रिक्षाचं झालं. बाजारातून येताना ईश्वरी माझ्या पुढे चालत होती, कानात इअरफोनची बोंडुकं, हातात मोबाइल. ती सरळ फुटपाथवरून खाली उतरली. रिक्षावाल्याने कचकन ब्रेक मारला. रिक्षाचं चाक तिच्या चपलेला लागलं.

"ए ताई, मरायचंय काय?" तो ओरडला. "पोरीला संभाळा की! फुकट टेन्शन!"

ईश्वरीने वर बघितलं. तिला काही कळलंच नव्हतं. मी तिचा दंड धरून तिला फुटपाथवर ओढलं. सारसोळेच्या वाटेवर ही अशीच चालणार होती. आणि तिथे रिक्षा नसतात, भरधाव मोटारी असतात.

घरी येऊन मी प्राचीला सांगितलं. ती ओट्याला टेकून रडली, पण म्हणाली, "ताई, तेच तर ना! दारं उघडायला लागली की ते आतलं असं अडवतं. महाराज बोललेच होते."

जे घडेल ते महाराजांच्याच बाजूने लागत होतं.

मी ईश्वरीच्या विज्ञानाच्या बाईंकडे गेले. क्रांती मॅडम. आमच्याच सेक्टरात राहतात, माहेर मराठवाड्यातलं. त्यांच्या घरी बुद्धांची मूर्ती आणि भिंतभर पुस्तकं. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याच घरी आल्या. जेवणाच्या टेबलाशी मी, ईश्वरी आणि माझा कॉलेजात जाणारा मुलगा प्रसाद, असे बसलो. प्रसाद म्हणजे चार गोष्टी एकदम करणारा. कानात गाणी, हातात मोबाइल, पुढे पुस्तक.

"प्रसाद, एक ते वीस अंक म्हण. मग क ख ग घ म्हण. दोन्ही पटपट."

त्याने म्हटलं. सोपंच होतं.

"आता एकआड एक. एक, क, दोन, ख, तीन, ग. तेवढ्याच वेगात."

प्रसाद थोडं पुढे गेला, अडखळला, हसला, परत सुरू केलं, परत अडकला. "थांबा थांबा, आत्ता येतं!" माझीही तीच गत झाली. ईश्वरी हळू म्हणत गेली, पण चुकली नाही.

"आपण दोन कामं एकदम करत नाही," मॅडम म्हणाल्या. "ह्यावरून त्यावर उड्या मारतो. दर उडीला थोडा वेळ जातो आणि काहीतरी हातून सांडतं. चालता चालता बोलणं जमतं, कारण चालणं अंगवळणी पडलेलं असतं. पण विचार लागणारी दोन कामं? नाही."

"पण मला जमतं ना," प्रसाद कुरकुरला. "मार्क बघा माझे."

"जमतं असं वाटतं. आत्ताच तू सर्वांत जास्त वेळा अडकलास आणि तरी सर्वांत जास्त खात्रीने बोलतोयस!" सगळे हसलो. प्रसादही हसला. "हे बघ, माणसामाणसांत फरक असतोच. कोणाला उडी मारणं सोपं जातं, कोणाला एका जागी टिकणं. खूप पडदे एकदम वापरणाऱ्यांना नको असलेली गोष्ट बाजूला सारणं जड जातं, असं काही अभ्यासांत दिसलं. काहींत फारसं काही दिसलं नाही. पडद्यांमुळे मन भिरभिरतं, की भिरभिरणारं मनच पडद्यांकडे जातं, हेही अजून पक्कं माहीत नाही. जे माहीत नाही ते मी माहीत आहे म्हणून सांगणार नाही. पण एक पक्कं. ईश्वरीच्या डोक्यात कोणी बसलेलं नाही. ती एका वेळी एक गोष्ट पुरती बघते, एवढंच. पेपर पुरा करायचा सराव मी तिच्याकडून करून घेईन."

ईश्वरीने विचारलं, "मग तो पार्थ कसं करतो?"

"ते मलाही नाही कळलं," मॅडम म्हणाल्या.

---

उत्तर ईश्वरीनेच दिलं. अमावास्येच्या आदल्या पहाटे माझा जप झाला आणि मी माळ डोळ्यांना लावली, तशी ती म्हणाली, "काकू, तो तुझ्यासारखी माळ नाही फिरवत."

"म्हणजे कशी?"

"तू मोठ्या मण्याशी आलीस की माळ उलटी फिरवतेस. तो फिरवत नाही. तो मोठ्या मण्यावरून सरळ पुढे जातो. आणि काकू, घंटा वाजली की मगच त्याचा मणी सरकतो. घंटा थांबली की बोटं पण थांबतात."

मी माळ पुन्हा हातात घेतली. मेरुमणी ओलांडायचा नाही, हे जपाला बसणाऱ्याला पहिल्याच दिवशी शिकवतात. मेरूशी आलं की माळ वळवून पुन्हा मागे. ज्याने खरोखर नाम घेतलंय त्याचं बोट मेरूशी आपसूक थांबतं. जो बालसिद्ध अखंड जप करतो म्हणतात, त्याला हे माहीत नाही? पण ज्याला मणी मोजायचेत, त्याला माळ वळवून चालणार नाही. मागे फिरला की हिशेब चुकला. त्याला सरळच जायला हवं.

तो जप करतच नव्हता. घंटा मोजत होता. डोक्यात नव्हे, बोटांवर.

आणि एवढ्या गर्दीत हे कोणालाच कसं दिसलं नाही? दिसणार कसं! आम्ही सगळे मॅच बघत होतो, बातम्या ऐकत होतो, भाताचा वास येतोय का बघत होतो, मधूनच महाराजांकडे वळत होतो. म्हणजे प्रयोग त्या मुलावर नव्हताच, आमच्यावर होता. एका ईश्वरीने तेवढी एकच गोष्ट बघितली. जिचं दार बंद आहे म्हणून सांगितलं होतं, तिने.

मी वर धावले. विलासभावजी ऑफिसला निघाले होते.

"वहिनी, तुम्हीसुद्धा?" ते म्हणाले. "रोज देवापुढे बसता आणि माळेवरून सिद्धाची परीक्षा घेता? उद्याचा दिवस जाऊ द्या. पोरगी बरी झाली की तुम्हीच पेढे वाटाल."

क्रांती मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "मी उद्या हॉलवर येते. बोलते मी."

दुसऱ्या दिवशी माझं मौन होतं. अमावास्येला मी सूर्योदयापासून बोलत नाही, संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की सोडते. लग्न होऊन आले तेव्हापासूनचा नेम. सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे, वॉचमनसुद्धा त्या दिवशी मला काही विचारत नाही.

हॉल पहिल्यापेक्षा जास्त भरला होता. सारसोळेच्या कोळीवाड्यातूनही बायका आल्या होत्या, पुढेच त्यांची म्होरकी बायजाबाई बसलेली. व्यासपीठाच्या पायऱ्यांशी ईश्वरीला पांढरा फ्रॉक घालून उभं केलं होतं. कानांत बोंडुकं, हातात मोबाइल, ओठ पांढरे पडलेले. आधी बालसिद्धाचा प्रयोग, मग द्वारभेद. दाराबाहेरून पाम बीचवरच्या गाड्यांची घरघर येत होती.

पडदे लागण्याआधी क्रांती मॅडम उठल्या. "महाराज, मुलाच्या हातातली माळ काढून हा प्रयोग करून दाखवा."

"कोण ही बाई?" महाराजांनी माइक उचलला. "ताई, तुम्ही आपल्या देवांना मानता?"

"मी मुलांना मानते."

"ऐकलंत? देव नाही, धर्म नाही, आणि माळ काढ म्हणते!" हॉलमध्ये गोंधळ उठला. "बसा खाली!" "बाहेर काढा हिला!" कोणीतरी त्यांच्या ओढणीला झटका दिला. मॅडम हलल्या नाहीत, पण त्यांचं पुढे कोणी ऐकेना. महाराजांनी दुसऱ्या एका शिष्याला खूण केली आणि तो ईश्वरीला दाराकडे घेऊन निघाला. प्रयोग राहू दे, आधी द्वारभेद.

दिवा लागायला अजून वेळ होता. नेम मोडला तर काय होईल, हे मला माहीत नव्हतं. नाही मोडला तर काय होईल, ते माहीत होतं. मी मनात देवाला म्हटलं, तुला राग आला तर माझ्यावर काढ, हिच्यावर नको. आणि उभी राहिले.

"थांबा."

माझा आवाज मोठा नाही. पण आज मी बोलले हे पाहूनच आमच्या सोसायटीच्या बायका गप्प झाल्या. मग त्यांच्या मागच्या रांगा. "वैजयंतीताई बोलल्या?" असं कोणीतरी कुजबुजलं.

"महाराज," मी म्हटलं, "मी रोज जप करते. मला तरी कोणी नास्तिक म्हणणार नाही. हा मुलगा मेरुमणी ओलांडतो. जप करणारा तसं करत नाही. माळ खाली ठेवून करू द्या. नाम तर मनात असतं, त्याला माळ कशाला हवी?"

"माळेविना साधना भंगते!" महाराज गरजले. "तुमच्या पुतणीच्या आत जे बसलंय ते आता तुमच्या तोंडून बोलतंय!"

माझ्या शेजारची बाई माझ्यापासून सरकून बसली. त्या क्षणी मला वाटलं, असेल का? खरंच माझ्या तोंडून दुसरंच कोणी बोलत असेल का? भीती अशी आत शिरते.

तेवढ्यात बायजाबाई कमरेवर हात ठेवून उठली. "आवं बाबा, कोन बोलतंय ते र्‍हाऊ दे. ते मनी ठेव ना बाजूला! डोकं पोराचं हाय, का मन्यांचं हाय?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं कोणी. "करू द्या ना, काय बिघडतं?" "दाखवा, दाखवा!"

आता महाराजांना मागे फिरता येईना. मी पुढे जाऊन पार्थच्या हातातून स्मरणी काढून घेतली. त्याची बोटं बर्फासारखी गार होती. माळेतले काही मणी खरखरीत होते, ठरावीक अंतराने, अंधारातही चाचपून कळावेत असे. बोटं दुमडून मोजू नये म्हणून क्रांती मॅडमनी त्याच्या दोन्ही तळव्यांवर एकेक झेंडूचं फूल ठेवलं. "बाळा, हात उघडेच ठेव." मग त्या विलासभावजींना म्हणाल्या, "तुम्ही फक्त घंटा मोजा. बाकी काही बघू नका."

पडदे लागले. घंटा वाजू लागली. पार्थ डोळे विस्फारून मॅचकडे बघत होता आणि त्याच्या तळव्यांवरची फुलं थरथरत होती. घंटा थांबली.

"किती?" मॅडमनी विचारलं.

त्याने एक आकडा सांगितला. विलासभावजींचा आकडा पुष्कळ पुढे होता. त्यांनी पार्थकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"अरे," ते म्हणाले, "ही मॅच तर मागच्या वेळेचीच आहे! हाच तर बाद झाला होता!"

"रोज हीच लावतात," पार्थ रडत रडत म्हणाला. "तिन्ही मला पाठ आहेत. मण्यांवर मी घंटा मोजतो. जप नाही करत. मला येत नाही जप. काका, मारू नका ना."

महाराज त्याचे सख्खे काका होते, हे आम्हाला तेव्हा कळलं.

"दुष्ट शक्ती!" महाराज ओरडले. "मुलीतून निघून बालकात शिरली!" पण आता त्यांचा आवाज चिरकत होता. प्राची दाराकडे धावली. तिने ईश्वरीच्या कानातली बोंडुकं ओढून काढली, मोबाइल शिष्याच्या अंगावर फेकला आणि मुलीला छातीशी धरून तिथेच जमिनीवर बसली. बाहेर गाड्या तशाच धावत होत्या.

पार्थ माझ्या पदराला धरून उभा होता. मी त्याला बाजूला बसवून पाणी दिलं. महाराज मागच्या दाराने निघून गेले. क्रांती मॅडमनी पोलीस चौकीत तक्रार दिली, जादूटोणाविरोधी कायदा आहे म्हणाल्या. पार्थची आई येऊन त्याला घेऊन गेली.

त्या संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावला. काहीही झालं नाही. वातही विझली नाही. मॅडम दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "काकू, तुमचा देव मी मानत नाही. पण तुमची माळ मानते." मी त्यांना देवापुढची साखर दिली, त्यांनी घेतली.

आमच्या सेक्टरातले काही लोक अजूनही म्हणतात की त्या दिवशी माळ काढली म्हणून सिद्धी गेली. म्हणोत. ईश्वरीचा पेपर अजूनही थोडा राहतो, पण ती रात्री झोपते. पहाटे माझ्याशेजारी बसते. मोबाइल बाहेरच्या खोलीत असतो.

मी देवाधर्माची बाई आहे आणि राहीन. म्हणूनच सांगते. कोणी तुमच्या लेकराच्या डोक्यात काही बसलंय म्हणालं, तर आधी त्याचे पाय धरू नका. शाळेतल्या बाईंना विचारा, डॉक्टरांना विचारा. कोणी दहा गोष्टी एकदम दाखवल्या, तर त्यातली एकच निवडा आणि तीच बघत राहा. आणि विचारायला घाबरू नका. देव विचारण्याने रागावत नाही, रागावतो तो ज्याची लबाडी उघडी पडते.

चमत्कार दाखवणाऱ्याला फक्त एवढंच म्हणा, महाराज, हातातली माळ जरा खाली ठेवा. खरं असेल ते माळेवाचूनही राहील.